विजेची गाडी वाटेत थांबते तेव्हा

अमरावती रोडने जाताना एखाद्या ढाब्यापुढे, नाहीतर पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, कपाटाएवढी एक लोखंडी पेटी उभी दिसते. तिला जाड काळी केबल लोंबत असते. केबलच्या टोकाला धरायला मूठ असते. पेटीवर लहानसा पडदा असतो आणि त्यावर आकडे चमकतात. आपल्या रात्रीच्या वर्गातल्या एका बाईंनी मला विचारले, "गुरुजी, हा नवा पेट्रोल पंप होय का?"

पंप म्हटले तरी चालेल. पण त्यातून तेल येत नाही, वीज येते. विजेवर चालणाऱ्या मोटारी तिथे थांबतात आणि आपली बॅटरी भरून घेतात. याला सगळे चार्जिंग म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. मोबाइलमुळे तो घरोघरी पोचलाच आहे.

मोबाइल चार्ज होतो, तशीच मोटार चार्ज होते. पण मोबाइल लावून आपण झोपी जातो. मोटारीला तर पुढे गाव गाठायचे असते. गोम इथेच आहे. पेट्रोल पाच मिनिटांत भरून होते, वीज होत नाही. म्हणून विजेची गाडी चालवणाऱ्याला दोन हिशेब यावे लागतात. एक युनिटांचा आणि दुसरा वेळेचा. ज्याला गुणाकार आणि भागाकार येतो, त्याला हे दोन्ही हिशेब येतात. आपल्याला ते येतात. मग पाटी घ्या.

युनिट हा शब्द तुम्ही घरच्या वीजबिलावर वाचला आहे. हजार वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट वीज लागते. हजार वॅटला एक किलोवॅट म्हणतात. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार तासभर चालली, तर जवळजवळ पावणेचार युनिटे लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मोटारीच्या पोटात मोठी बॅटरी असते. २०२० साली टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार बाजारात आली. तिच्या बॅटरीत ३० युनिटे मावत. आता मध्यम आकाराच्या मोटारीत ४० च्या आसपास मावतात. एका युनिटात अशी मोटार सहा ते सात किलोमीटर जाते. सहाच धरा. ४० गुणिले ६ म्हणजे २४० किलोमीटर. नागपूर ते अमरावती अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणजे नुसते जायचे असेल तर वाटेत थांबायची गरज नाही. पण त्याच दिवशी परत यायचे असेल, तर कुठे तरी एकदा थांबावेच लागते.

घरच्या मोठ्या, म्हणजे पंधरा अँपियरच्या प्लगला मोटार लावली, तर तासाला तीन युनिटे जातात. २० युनिटे भरायला जवळजवळ सात तास लागतात. रात्री लावा, सकाळी काढा. घरी ते ठीक आहे. पण रस्त्यावर सात तास कोण बसणार? म्हणून तिथे मोठे मशीन ठेवतात. समजा ते ३० किलोवॅटचे आहे. ते तासाला ३० युनिटे देते, म्हणजे मिनिटाला अर्धे युनिट. २० युनिटांना चाळीस मिनिटे पुरतात.

प्लगही विजेचा आणि मशीनही विजेचे. मग एक गरीब गाय आणि दुसरा दांडगा बैल, असे का? त्याचे कारण असे. आपल्या तारांतली वीज एका दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज हवी असते. घरच्या प्लगला गाडी लावली, की हा बदल गाडीतले एक लहान यंत्र करते. ते लहान असल्यामुळे सावकाश करते. रस्त्यावरच्या पेटीत हेच काम करणारे मोठे यंत्र बसवलेले असते. म्हणून ती कपाटाएवढी दिसते. ती तयार वीज सरळ बॅटरीत सोडते.

आणखी एक गोष्ट. बॅटरी शंभरात ऐंशी भरेपर्यंत भराभर भरते. पुढच्या विसांना फार वेळ लागतो. कापसाची बोरी भरताना हेच होते. आधी कापूस भसाभस आत जातो. शेवटी बोरीत उतरून पाय देऊन दाबावा लागतो. म्हणून वाटेत थांबलेला शहाणा ड्रायव्हर गाडी काठोकाठ भरत बसत नाही. पुढच्या मुक्कामापुरती आणि वर थोडी, एवढी भरतो आणि निघतो.

आता घडलेली हकिगत सांगतो.

आमच्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे. वय चाळीस. चौथीतून शाळा सुटली, ती कायमची. दोन वर्षांपूर्वी तो आपल्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागला. बँकेचे कर्ज काढून त्याने एक जुनी विजेची मोटार घेतली आणि तो भाड्याने चालवतो. पुतण्याच्या साखरपुड्याला मी आणि आमच्या वहिनी त्याच्याच गाडीने अमरावतीला गेलो. सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली होती. तिकडे जेवणखाण, मानपान यात दिवस गेला. गाडी कुठे लावायला सवड झाली नाही. संध्याकाळी परत निघालो. कारंजा घाडगेच्या आसपास एका ठिकाणी मशीन आहे, तिथे चार्जिंग करू, असा भाऊचा बेत होता.

तिथे पोचलो तर पडदा काळा. बटण दाबले, हालचाल नाही. शेजारी विचारावे तर माणूस नाही. ज्यांनी ते मशीन बसवले त्यांनी नुसते बसवून सोडून दिले होते, त्याची राखण करणारे कोणी नव्हते. मला त्याचा राग आला आणि अजून येतो. बंद पडलेला हातपंप निदान गावातच असतो. बंद पडलेले मशीन माणसाला परमुलखात, भर रस्त्यात उभे करते.

गाडीत १८ टक्के उरले होते. मोबाइलमध्ये पाहिले तर पुढचे मशीन २२ किलोमीटरवर होते. नागपूर ८२ किलोमीटरवर.

वहिनी म्हणाल्या, "तरी मी म्हणत होती, एसटीनं जाऊ."

भाऊचा चेहरा उतरला. "गुरुजी, रात्रभर इथंच राहा लागते का जी?"

मी म्हणालो, "आधी मांड तर."

साखरपुड्याची पत्रिका खिशात होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भाऊने स्वतः हिशेब मांडला. ४० युनिटांचे १८ टक्के म्हणजे सात आणि वर थोडे. सातच धरली. ७ गुणिले ६ म्हणजे ४२ किलोमीटर. जायचे आहे २२. उरतात २०. त्याने दोनदा तपासले. मग एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि साठच्या वर गाडी नेली नाही. वेग वाढला की वारा गाडीला मागे ओढतो. सायकलवर उलट्या वाऱ्यात हा अनुभव तुम्ही घेतला असेल. ताशी ८० वर जेवढा वारा अडवतो, त्याच्या सव्वादोन पट तो १२० वर अडवतो. म्हणून सावकाश जाणारी विजेची गाडी दूर जाते.

कोंढाळीच्या अलीकडे दुसरे ठिकाण आले. तिथले मशीन चालू होते. पण एक गाडी लागलेली आणि एक रांगेत. आम्ही तिसरे. तासभर बसावे लागले.

रांगेची ही गोष्ट नागपूरला नवी नाही. २०१७ च्या मे महिन्यात ओला कंपनीने नागपुरात विजेच्या भाडोत्री गाड्या सुरू केल्या. देशात असा मोठा प्रयोग तो पहिलाच. त्याच साली नोव्हेंबरमध्ये नागपुरातच इंडियन ऑइलच्या एका पेट्रोल पंपावर चार्जिंगची सोय झाली. पेट्रोल पंपावर अशी सोय होण्याची तीही देशातली पहिलीच वेळ. कौतुक पुष्कळ झाले. पण गाड्यांच्या मानाने मशीने थोडी. ड्रायव्हर तासन्‌तास रांगेत उभे. भाड्याची वेळ रांगेत जाऊ लागली, तर कर्जाचा हप्ता कुठून भरायचा? काहींनी विजेच्या गाड्या परत केल्या आणि पुन्हा डिझेलच्या घेतल्या. ते वर्तमानपत्रांतही छापून आले होते. गाडी वाईट नव्हती. वेळेचा हिशेब कोणी आधी मांडला नव्हता.

पुन्हा कोंढाळीकडे येऊ. तिथे मशीनशेजारी ढाबा होता. एक बाई तो चालवत होत्या. झुणका, भाकर, ठेचा, वर ताक. गल्ल्याशेजारी संत्र्यांची टोपली. वहिनींनी त्यांच्याशी गप्पा सुरू केल्या. बाई म्हणाल्या, "पेट्रोलवाले येतात, उभ्या उभ्या चहा पितात अन्‌ जातात. हे चार्जिंगवाले बसतात. चाळीस मिनिटं करतील काय? जेवतात." त्या पुढे सांगू लागल्या, की पडद्यावर किती मिनिटे उरली ते त्या वाचतात आणि त्या अंदाजाने भाकर तव्यावर टाकतात. पहिली टाकली तेव्हा गाडी निघून गेली होती आणि भाकर वाया गेली होती, म्हणून ही युक्ती काढली.

त्यांनी मला एक प्रश्न विचारला, तो तुमच्याही कामाचा आहे. "गुरुजी, असं मशीन आपल्याला स्वतःचं लावता येते का? का सरकारचं लायसन लागते?"

लायसन लागत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने हे स्पष्ट केले. कोणीही चार्जिंगची जागा उघडू शकतो. मात्र सरकारने ठरवलेले सुरक्षेचे नियम पाळावे लागतात आणि महावितरणकडून त्याच कामासाठी जोडणी घ्यावी लागते. चार्जिंगचा वीजदर वेगळा असतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाड्या चार्ज करून कोणी पैसे घेऊ लागला, तर तो अनधिकृत वापर ठरतो. वीज कायदा २००३ प्रमाणे त्याची दंडासकट वसुली होते. शेजारी करतो म्हणून आपणही केले, असे करू नका.

दुसरी गोष्ट डीपीची. ३० किलोवॅटचे मशीन चालू झाले, की किती वीज ओढते? मघाचा आकडा आठवा. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला पावणेचार. ३० ला पावणेचारने भागा. आठ येतात. म्हणजे एक गाडी चार्ज होताना आठ विहिरींवरच्या मोटारी एकदम चालल्यासारखे होते. ६० किलोवॅटचे मशीन असेल तर सोळा. गावात ६३ केव्हीएची डीपी असते, ती असे एकच मशीन खाऊन टाकते. दुसऱ्या कोणासाठी काही उरत नाही. म्हणून तुमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असे मशीन येणार असेल, तर ग्रामसभेत उभे राहून विचारा, "याची डीपी वेगळी आहे का?" वेगळी असेल तर आनंद आहे. नसेल तर गावाचे दिवे मिणमिणतील आणि मशीनही धड चालणार नाही.

ढाब्याच्या बाईंना मी सांगितले, की मोठ्या मशीनला लाखांत पैसे लागतात. आधी दुचाकी आणि ई-रिक्षासाठी लहान, सावकाश चालणारा पॉइंट बघा. त्याला तीन-साडेतीन किलोवॅट पुरतात. अर्थिंग मात्र पक्के हवे आणि वर छप्पर हवे. पावसात केबल चिरलेली दिसली तर हात लावू द्यायचा नाही. बाई म्हणाल्या, "बचत गटात काढून पाहते विषय."

सरकारचा नियमही या धंद्याला अनुकूल आहे. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर निदान एक चार्जिंगची जागा असावी, आणि लांब पल्ल्याच्या व जड गाड्यांसाठी दर १०० किलोमीटरवर मोठ्या ताकदीची असावी, असे केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले होते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणातही महामार्गावर २५ किलोमीटरचाच टप्पा धरला आहे. टप्पा हा शब्द जुना आहे. पूर्वी डाकेच्या रस्त्यावर ठरावीक टप्प्यांवर घोडे बदलत. दमलेला घोडा तिथे ठेवत आणि ताजा जुंपत. आजही काही ई-रिक्षांत रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवतात, तो हाच प्रकार. मोटारीची बॅटरी जड असते, म्हणून आपल्याकडे मोटारीचा घोडा बदलत नाहीत, त्यालाच चारा घालतात.

नियम कागदावर असतो आणि मशीन जमिनीवर. दोन्ही जुळायला अजून अवकाश आहे. २०२४ साली केंद्राने पीएम ई-ड्राइव्ह नावाची योजना मंजूर केली. तिच्यात देशभरच्या चार्जिंगच्या जागांसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत. माझे मत विचाराल, तर त्यातले थोडे पैसे बंद पडलेली मशीने दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या पगाराला ठेवावेत. नवी पेटी बसवताना फीत कापतात, फोटो निघतो. दुरुस्तीचा फोटो कोणी काढत नाही.

समृद्धी महामार्गाचेही सांगायला हवे. तो नागपूरजवळ शिवमडक्याहून निघतो आणि ७०१ किलोमीटरवर भिवंडी तालुक्यात आमणे येथे संपतो. शिर्डीपर्यंतचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, शेवटचा भाग जून २०२५ मध्ये. हा रस्ता गावांना चुकवून जातो, मधूनच कोणाला चढता येत नाही. त्यामुळे त्याच्या काठावर ढाबे उगवत नाहीत. ठरवलेल्या जागीच थांबायचे. सुरुवातीला अशा जागा फार थोड्या होत्या. रस्ता मोकळा, वेग १२० पर्यंत. आणि वेगात बॅटरी लवकर उतरते, हे आपण पाहिलेच. म्हणून त्या रस्त्याला लागण्याआधी बॅटरी भरून घ्यावी आणि पुढचे मशीन कुठे आहे, चालू आहे का, ते फोन करून विचारावे. २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना आणि बसगाड्यांना समृद्धीवर टोल माफ करायचे ठरले आहे. दुचाकी आणि रिक्षा मात्र तिथे नेता येत नाहीत, त्या विजेच्या असल्या तरी.

एसटीचे त्या मानाने सोपे आहे. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली. १ जून २०२२ ला त्याच रस्त्यावर विजेवरची पहिली शिवाई बस धावली. बसचा रस्ता ठरलेला, वेळ ठरलेली, मशीन डेपोत. तिला रस्त्यात शोधाशोध करावी लागत नाही. शोधाशोध आहे ती आमच्या भाऊसारख्यांना.

आमचा नंबर लागला. फलकावर दर लिहिला होता, करासकट युनिटला २० रुपये. भाऊने मोबाइलवरून ४०० रुपये आधीच भरले. ४०० भागिले २० म्हणजे २० युनिटे मिळायला हवीत. सत्तावीस मिनिटे झाली आणि मशीन आपोआप थांबले. तिथला पोरगा आला आणि मूठ काढू लागला. "झालं काका, चारशेचं झालं."

भाऊ पडद्याजवळ गेला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. वेळ २७ मिनिटे. युनिटे १३.५. रक्कम २७०.

"चारशेचं कसं झालं?" तो म्हणाला. "इथं साडेतेरा लिवलं आहे. दोनशे सत्तर लिवलं आहे. एकशे तीस माझे उरतात."

पोराने पाहिले आणि तो वरमला. तो लबाड नव्हता. त्याने वाचलेच नव्हते. व्होल्टेज उतरल्यामुळे मशीन मधेच बंद पडले होते. पुन्हा लावून पाहिले, पण सुरू होईना. मग त्याने तक्रारीचा नंबर दाखवला. भाऊने पडद्याचा फोटो काढला आणि तक्रार नोंदवली.

आता पुढे जायचे की पुन्हा बसायचे? पत्रिका पुन्हा बाहेर आली. सातातली साडेतीन युनिटे वाटेत गेली होती, साडेतीन उरली. त्यात साडेतेरा मिळवली. सतरा झाली. १७ गुणिले ६ म्हणजे १०२ किलोमीटर. नागपूर होते ६० वर.

"चाला काकू, बसा," भाऊ वहिनींना म्हणाला.

साडेदहाला घरी पोचलो, तेव्हा गाडीत अजून युनिटे शिल्लक होती. एकशे तीस रुपये चार दिवसांनी परत आले. त्यासाठी त्याला दोनदा फोन करावा लागला. तेव्हापासून भाऊ गाडीत एक वही ठेवतो. तिच्यात त्याने पट्टीने रकाने आखले आहेत. तारीख, जागा, युनिटे, मिनिटे, रुपये. शेवटचा सहावा रकाना आहे, "मशीन चालू का बंद". परवा त्याने ती मला दाखवली. सोळा नोंदी होत्या. अक्षर पहिल्या पानापेक्षा शेवटच्या पानावर बरे आहे. "मिनिटे" हा शब्द तो अजून चुकीचा लिहितो. तो मी लाल पेनाने दुरुस्त करून दिला.